अधिकचं चिन्ह

नॉर्थविचच्या पोटात मीठ आहे,
हे मुलाखतीत मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तर पगारासाठी घासाघीस केली नसती.

तिसऱ्या तासाला नववीचा वर्ग.
तेलाच्या बाटलीतून चिमट्यानं सोडियम काढते,
सुरीनं कापते. खरवसासारखा कापला जातो.
आतली चकाकी दिसते न दिसते तोच
हवा लागून मलूल.
पाण्यात सोडल्यावर गोळी होऊन तडतडत पळतो,
मोहरीची काय सर त्याला!
'अजून मोठा तुकडा, मिस!' मागून डेक्लन.
दरवर्षी कुणीतरी म्हणतंच.

क्लोरीनची मात्र नुसती गोष्ट सांगते.
हिरवट पिवळा, घसा जाळणारा,
बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन,
आठव्यासाठी जीव टाकलेला.
सोडियमकडे बाहेर एकच, तोही जड झालेला.
ह्यानं दिला, त्यानं घेतला,
आणि दोन आगलाव्यांचं मिळून जे झालं
ते तुम्ही काल चिप्सवर भुरभुरलंत.

जोडी डटननं हात वर केला.
(हजेरीत हे नाव घेताना मला अजून हसू येतं.)
खालचं मीठ विरघळून जमीन खचली तेव्हा
तिच्या पणजोबांचं दुकान जॅक लावून उचललं होतं.
तिच्या खोलीत अजून गोटी ठेवली की
आपोआप खिडकीकडे जाते.
'मिस, त्यानं इलेक्ट्रॉन गमावला ना?
मग त्याला अधिकचं चिन्ह का?
गमावणाऱ्याला वजा पाहिजे.'

मी फळ्यावर मांडलं:
प्रोटॉन अकरा, इलेक्ट्रॉन दहा, करा वजाबाकी.
तिनं मान डोलावली,
चुकीच्या बसची वेळ ऐकल्यासारखी.

उरणच्या शाळेत माझ्या पुस्तकात
धन आयन होता आणि ऋण आयन होता.
देणारा धन झाला.
घेणाऱ्यावर ऋण आलं.
कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

बाबा मिठागरावर.
वाफ्यात बोट बुडवून, चाटून सांगायचे,
'अजून दोन दिवस.'
संपृक्त द्रावण हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नाही.
माझी कॉलेजची फी गोण्यांत मोजली जायची,
इतक्या गोण्या भौतिकीच्या, इतक्या रसायनाच्या.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं
आमच्या घरात कुणी म्हणत नसे.
मीठवाल्याच्या तोंडी ती म्हण
तगाद्यासारखी वाटली असती.

घंटा झाल्यावर जोडीला थांबवून
हे सगळं नाही, फक्त दोन शब्द सांगितले.
'धन,' ती म्हणाली. ध काही जमला नाही.

चाचणीत प्रश्न आला:
सोडियम आयनावर धन प्रभार का असतो? गुण दोन.
तिनं लिहिलं:
कारण त्याच्याकडे देण्यासारखं होतं आणि त्यानं दिलं.
प्रोटॉनचा उल्लेख नाही. मोजणी नाही.
उत्तरसूचीत असलं काही बसत नाही.
शून्य दिलं.

समासात पेन्सिलीनं एक अधिकचं चिन्ह काढलं,
मग पेपर तपासणीला वर जायचे म्हणून खोडलं.
जरा दाबून काढलं होतं.
कागद तिरपा धरला तर दिसतं.