चार फूट ऊन

करावे गावात, आमच्या गच्चीवर
सोलरवाला पोरगा टेप धरून उभा.
"सोळा पॅनेल बसतील.
जवळा मात्र दुसरीकडे वाळवा."

आई सूप रिकामं करत राहते,
ऐकलंच नसल्यासारखी.

बाबा एकवीस वर्षं रिगवर.
चौदा दिवस समुद्र, चौदा दिवस आम्ही.
अजून झोपेत व्हॉल्व्ह पिळतात.
"खाली आहे अजून," म्हणतात,
"खोल जायला हवं, बस."

उजवा कान तिथेच राहिला त्यांचा,
म्हणून मी डावीकडून सांगते,
"वरही आहे."

ते वर बघतात. डोळ्यांत पाणी.
"आणि रात्री?"

पोरगा बॅटरीची किंमत हळूच पुटपुटतो.
ती मात्र नेमकी ऐकू येते त्यांना.

तेवढ्यात आई टेप उचलून
जवळ्यासकट पलीकडे सरकते.