आधी तो आण

घोडी लंगडतेय हे मला कळलंच नाही.
त्शेलिसोला ते ऐकू आलं.
"चार टापांतली एक उशिरा पडतेय," म्हणाला,
आणि खोगीर उतरवून
स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

माझ्याकडे तीन दिवसांचा आराखडा होता.
तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, धबधबा.
दोरावरून कडा उतरायचे पैसे
मी घरूनच भरले होते.
लेसोथोच्या डोंगरांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग चालत.
ख्वेलीच्या चालीनं, म्हणजे
तिच्या दुखऱ्या पायाच्या चालीनं.
वाटेत भेटेल तो माणूस थांबतो, "खोत्सो" म्हणतो,
म्हणजे शांती,
मग विचारतो: कुठून आलीस, कुठे चाललीस?
पहिल्या दिवशी मी चालता चालता उत्तर दिलं.
दुसऱ्या दिवशी थांबून.
चौथ्या दिवशी मीच विचारायला लागले, तेव्हा कळलं
पलीकडच्या ओढ्याला पाणी चढलंय,
मेंढ्या कातरून झाल्या,
आणि कुणा मोखेथीला मुलगी झालीय, अजून नाव ठेवायचंय.

हा-लेफेओत एका उंच काठीवर
पांढरं फडकं लावलेलं.
"आज बिअर आहे," त्शेलिसो म्हणाला. "ज्वारीची."
ज्वारीची!
इतक्या लांब येऊन माझ्या तोंडून हसू फुटलं,
कुणाला का ते सांगता येईना.
सकाळी वाडग्यात आंबट पेज मिळाली.
आंबीलच ती, फक्त मीठ घालायचं राहिलेलं.

आधी गावच्या प्रमुख बाईंकडे जाऊन
राहायची परवानगी मागितली.
"किती दिवस?" त्यांनी विचारलं.
मी त्शेलिसोकडे पाहिलं,
त्यानं ख्वेलीकडे.

झरा खाली, गाव वर.
माझ्या वाटची बादली
नऊ-दहा वर्षांच्या पुलेंगनं डोक्यावरून आणली.
मी केस धुतले.
ती दारात उभी राहून
जमिनीत जिरणारं पाणी बघत राहिली.
बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवसापासून बादली माझ्या डोक्यावर,
निम्मी वाटेत सांडायची,
सगळं गाव बघायला यायचं.
त्यातला एक म्हातारा रोज त्याच दगडावर.

सहाव्या दिवशी मे मालिनेओंच्या भिंतीपुढे उभी होते.
ओल्या मातीत बोटांनी आणि काट्यानं
ओढलेल्या रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या,
आणि त्यांच्या खांद्यावर तपकिरी ब्लँकेट,
प्रकाश असा की
हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला.
तरी विचारलं. काढू का?

त्या आत गेल्या. एक कागद घेऊन आल्या.
त्यावर एका परक्या माणसाचं नाव,
पावसानं अर्धं पुसलेलं.
"ह्यानं काढला होता. माझा आणि माझ्या नवऱ्याचा.
इथेच, या भिंतीपाशी.
पाठवतो म्हणाला.
सहा वर्षं झाली. नवरा गेला त्याला चार.
त्याचा दुसरा फोटो नाही.
तुम्ही वाटेवरची माणसं,
ओळखत असशील तू ह्याला."

मी नाही म्हणाले.
त्यांचा विश्वास बसला नाही.
चेहऱ्यावर राग नव्हता,
हिशेब अर्धा राहिल्यावर असतं तसं काहीतरी.
"आधी तो आण," त्या म्हणाल्या. "मग तुझा काढ."

कॅमेरा परत पिशवीत.
संध्याकाळभर त्यांच्याबरोबर मक्याचे दाणे सोडवले,
अंगठ्याला फोड आला.
नवरा कसा होता, विचारलं.
उंच होता, म्हणाल्या. दारात वाकायला विसरायचा.
बस, एवढंच.
पण मी आता प्रत्येक दारात
कपाळाच्या उंचीवर एक खूण शोधते.

आठव्या दिवशी ख्वेलीनं चारही टापा वेळेवर टाकल्या.
त्शेलिसोनं विचारलं, धबधबा?
वारा तिकडूनच येत होता,
लांबून काहीतरी घरघरत होतं.
परतीच्या विमानाला तीन दिवस उरले होते,
आणि गावापासून पोस्ट ऑफिस दोन दिवसांवर.

पाय धुवून, झोळी बांधून
मी पोस्टाच्या वाटेला लागले.
खिशात तो कागद.
अर्धं नाव.
जेवढं वाचता येतं तेवढं.