ग्रिम्सबी, रात्रीचे अडीच

मासळी-लिलावाचा जुना सर्व्हर
नव्या यंत्रात पाहुणा म्हणून आणला,
तर उठेचना. निळा पडदा:
डिस्क सापडत नाही.

होती ना. नाकासमोर होती.
तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर तेवढा
दोन हजार तीनमध्ये कुणी लिहिलेला नव्हता.

मग खोटं बोललो.
ही तुझी जुनी आयडीईच, बघ.
उठला. कण्हत, पण उठला.

शेजारी एक रिकामी डिस्क लावली,
एक जीबीची, नव्या बोलीची,
काही न मागणारी.
ओळख होऊ दिली दोघांची.
पहाटे खरं सांगून टाकलं,
तोवर त्याला चालणार होतं.

साडेपाचला क्लाइव्ह आला, हॅडॉकच्या पेट्या नोंदवत बसला.
रात्री काही हललं, हे त्याच्या गावीही नाही.
मला चहा आणला.
साखर अजून चुकते त्याची,
अकरा वर्षं झाली.