ऋण शून्य

क्लाक्सव्हीकच्या बंदरावर धुकं उतरलं
की समोरचं बेट पुसलं जातं.
मार्यून खिडकीकडे पाठ करूनच बसते.
पुढ्यात तीन यंत्रं:
एकावर विंडोज, एकावर लिनक्स,
तिसरा जुना मॅक, झाकणाला तडा गेलेला,
येग्वानने निवृत्त होताना हौसेने दिला
आणि चार्जर द्यायला विसरला.

काम तसं साधं आहे, ती भावाला सांगते.
भाऊ मासे गोठवण्याच्या कारखान्यात. तो मान हलवतो.
आलेख काढणारा हात एकच, जुना, सी भाषेतला.
त्याला पायथनने हाक मारली, लुआने मारली,
पर्लने मारली की टीसीएलने,
रेघ तीच यायला हवी.
इथे, तिथे, आणि त्या तडकलेल्या झाकणाखालीही.
"आणि नाही आली तर?"
"तर मी घरी उशिरा येते."

तेहतीस उदाहरणं, चार भाषा, तीन यंत्रं.
गुणाकार करू नका, तिने केलाय.
तीनशे शहाण्णव चित्रं,
आणि ती डोळ्यांनी बघायची नसतातच.
फाइलीला फाइल लावायची, अक्षराला अक्षर,
तिची आई स्वेटरच्या दोन बाह्या
मांडीवर एकीवर एक ठेवायची
आणि काही न बोलता एक उसवायला घ्यायची,
तसं.

सोमवारी कळलं, ओळ संपली हे
विंडोज दोनदा सांगतं.
मंगळवारी लिनक्सने साडेतीनच्या पोटात
स्वल्पविराम टाकला,
कारण इथे तसंच लिहितात: दुकानात, शाळेत,
धक्क्यावरच्या भरतीच्या तक्त्यात.
पर्लने वाचलं, तीन,
आणि तिथेच थांबलं.
एवढासा विराम,
अर्धा मीटर पाणी गेलं.

बुधवार. उदाहरण एकोणीस, भरती-ओहोटी.
अक्षावर खाली उतरत जाणारे आकडे,
सगळीकडे जुळणारे.
फक्त मॅकवर, आणि तिथेही फक्त लुआतून,
शून्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ.

उणे शून्य.

ती हसली. मग नाही हसली.
ऋण शून्य म्हणा हवं तर:
खिशात काही नाही
आणि तेही कुणाचं तरी देणं.

येग्वानला फोन लावला.
तो होडीला डांबर फासत होता,
मागे मेंढ्या ओरडत होत्या, त्याच्या की शेजाऱ्याच्या.
"खालून आलं असेल," तो म्हणाला.
"काय खालून?"
"शून्य. असेल उणे शून्य पूर्णांक काहीतरी.
तू गोल केलंस, आकडा गेला,
चिन्ह दारात उभं राहिलं."
"तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं?"
बराच वेळ नुसत्या मेंढ्या.
"आठवत नाही. मुद्दाम नसेल.
पण पाणी कुठल्या बाजूला होतं
तेवढं तरी कळतं त्यावरून.
आणि हो, तो चार्जर सापडलाय."

बंदरातल्या माणसांना असलं शून्य नको असतं.
त्यांना खडक किती खाली, एवढंच हवं.
मार्यूनने तीन ओळी लिहिल्या, रेघ पुसली.
चौथी ओळ यंत्र वाचत नाही अशी:
*खालून आलेलं शून्य. येग्वानला विचारलं आहे.*
ही ओळ ती खोडणार होती. राहू दिली.

पुन्हा सगळं पहिल्यापासून.
कॉफी गार, मॅकचा पंखा जहाजासारखा.
तीनशे पंच्याण्णव जुळली.
एक नाही.
विंडोज, पर्ल, उदाहरण सात,
जे काल जुळलं होतं, परवाही,
ज्याला तिने हातसुद्धा लावला नव्हता.

जॅकेटची एक बाही घातलेली होती.
खिडकीत बेटाची कड दिसली,
मग पुन्हा नाही.
भावाला लिहिलं, जेवून घे.
बाही काढली.