निरंक

पेन्शनचे कागद घेऊन बाळगोंडा दारात उभा राहिला
तेव्हा मी दोरीवरचे टॉवेल काढत होते.
निकालाला चार महिने झाले होते.
"माझं अक्षर तुला माहीतच आहे," म्हणाला
आणि चपला काढू की नको
असं बघत राहिला स्वतःच्या पायांकडं.

माहीत आहे मला त्याचं अक्षर.
वारणालीच्या ऑफिसात कुणाला लागायचं नाही,
म्हणून एकतीस वर्षं सगळे फॉर्म मीच भरले:
रजेचे, बदलीचे, घरबांधणी अग्रिमाचे, फंडाचे.
सही तेवढी त्याची.
पगार किती झाला हे त्यानं तोंडानं कधी सांगितलं नाही.
रकाना भरतानाच कळायचा मला.
नामनिर्देशनात
सौ. त्रिशला बाळगोंडा मगदूम
हे मीच लिहिलेलं, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात.
नातं: पत्नी. हिस्सा: शंभर टक्के.
शंभरातलं शेवटचं शून्य
जरा मोठंच पडलं होतं.

एकोणीसच्या पुरात पाणी
कपाटाच्या तिसऱ्या फळीला लागलं.
मी आधी फाईल उचलली त्याची.
माझी शिलाई मशीन राहिली खाली, गाळात.
पाणी उतरल्यावर पान न् पान वेगळं करून
वर सुती ओढणी टाकून इस्त्री फिरवली.
नोकरीतली एक वेतनवाढसुद्धा पुसू दिली नाही.
अजून उघडली फाईल की वास येतो
नदीचा.

कुंभोजकर वकीलबाई पेनाचं टोपण वाजवत म्हणाल्या होत्या,
"सातच महिने राहिलेत त्यांचे.
वेगळ्या राहा हो, खुशाल राहा,
कागदावर तेवढ्या राहा.
त्यांच्या मागं तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन आहे.
घटस्फोट झाला की नाव गेलं."

त्यांच्या मागं.
विजयनगरच्या कोर्टापासून शेअर रिक्षात
पुष्पराज चौक येईपर्यंत
हे दोन शब्द माझ्या मांडीवर बसून होते.
दर नोव्हेंबरात तो जाणार हयातीचा दाखला द्यायला,
आणि मी कुठंतरी वरच्या खोलीत
त्याच्या खोकल्याला कान लावून?
चांगल्या माणसाच्यासुद्धा मनात येतं मग.
मला ते मनात यायला नको होतं.

रिक्षावाल्यानं सुट्टे मागितले.
माझ्याकडं होते.

ग्रॅच्युइटीतले सहा लाख एकरकमी ठरले.
बाकीवर पाणी सोडलं.
माधवनगरच्या बहिणीनं महिनाभर फोन उचलला नाही,
मग एकदम म्हणाली, "वेडी आहेस,
पण ब्लाऊज शिवून देशील का?"

तर बसले भरायला.
नाव. हुद्दा: कालवा निरीक्षक. सेवा: चौतीस वर्षे.
तो खुर्चीच्या कडेवर टेकला होता,
पाहुण्यासारखा, पिशवी मांडीवर धरून.
पती-पत्नीचा एकत्रित फोटो येथे चिकटवावा.
त्या चौकोनाकडं दोघांनी बघितलं.
"एकट्याचा चालतो," म्हणाला, "विचारून आलोय."

पुढं कुटुंबाचा तपशील.
मुलगी इचलकरंजीला, लग्न झालेली,
नियमात बसत नाही.
मुलगा नाहीच.
पत्नीच्या रकान्याशी पेन अडलं,
शाई नव्हती उतरत. झटकलं.
फरशीवर एक ठिपका पडला.
मग एकटाकी लिहिलं: निरंक.

त्यानं चष्मा वर करून, वाकून वाचलं.
"निरंक म्हणजे काय गं?"
चौतीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसानं
मला विचारलं.

"काही नाही," म्हणाले,
आणि सहीच्या जागी
पेन्सिलीनं बारकी फुली मारून दिली,
नेहमीसारखी,
त्याला सापडावी म्हणून.