फुल्या

मंगळवारी चारला, चर्चमागच्या खोलीत
पंखा बंद ठेवायचा, असा ठरावच आहे;
लोकर उडते.
आम्ही नऊ बाया आणि एक शांतवन मिसाळ.
करायच्या आहेत बेचाळीस उश्या,
बाकांपुढे मांडायला, गुडघ्यांखाली.
आजवर नुसती शहाबादी फरशी होती,
आणि डिसेंबरात ती काय असते
ते नाशिकच्या गुडघ्यांना विचारा.

नमुन्याच्या पुस्तकात लिली होती, कोकरू होतं,
कुठल्याशा थंड देशाचा एक वेल.
सगुणाबाई म्हणाली, "ही द्राक्षं कुणाची?"
ती बावीस वर्षं पिंपळगावला विरळणीला जाते,
घड तळहातावर घेऊन, कात्रीनं.
"पानाला पाच बोटं असतात, बाई.
आणि घड खांद्याला रुंद असतो, माणसासारखा."
तिनं चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढून दाखवला.
पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं.

मी पस्तीस वर्षं शाळेत फुल्या मारल्या,
लाल शाईनं, पोरांच्या गणितांवर.
आता दिवसाला दोनेकशे घालते,
हिरव्या, जांभळ्या,
आणि त्यात कुणाचंच काही चुकलेलं नसतं.
म्हणजे, माझं चुकतं. उसवते.

शांतवनकाका प्रेसमधले, नाशिकरोडचे.
जन्मभर नोटा तपासल्या.
सुई धरली ती कमलिनीबाई गेल्यावर.
तिची उशी अर्धी राहिली होती:
घडाचे अकरा मणी भरलेले,
बारावा निम्मा,
सुई तशीच मॅटीत टोचलेली.
आम्ही म्हटलं, द्या, पुरी करतो.
त्यांनी दिली नाही.
पावसाळाभर पिठाच्या पिशवीच्या तुकड्यावर
हात बसवला, मग ती उघडली.

तिचा टाका सैल, जरा ऐसपैस बसलेला.
त्यांचा ताठ, मोजलेला,
उद्या कुणी भिंगाखाली धरेल अशा बेतानं.
बाराव्या मण्यात दोघांची गाठ पडते,
तिथं एक बारीकशी चढण आहे.
एस्तेरनं इस्त्री फिरवून पाहिली. जाईना.
काका म्हणाले, राहू दे.

नाताळाआधीच्या रविवारी चोवीस उश्या मांडल्या.
कुठली कुठं, कुणी लिहून ठेवलं नाही.
काका मागे खुर्चीवर; त्यांचे दोन्ही गुडघे
गेल्या साली बदललेत, टेकता येत नाहीत.
पापांगीकाराला मी खाली वाकले, डोळे मिटले,
आणि उजव्या गुडघ्याला ती चढण लागली.
गुडघा जरा सरकवला.
मग परत आणला.
मंडळी पुढे गेली होती म्हणत म्हणत,
मी दोन ओळी मागं.

अठरा उश्या बाकी आहेत.
जांभळी लोकर संपली.
मेनरोडचा दुकानदार म्हणतो, मागवतो,
पण ताई, रंग तोच येईल
असं काही सांगत नाही.