काडीतपासणी

पट्टीवर अजून नाव नाही.
'बेबी ऑफ वैजयंता झांबरे', राहणार सावळज,
अठ्ठावीस आठवडे, नऊशे ऐंशी ग्रॅम.
रात्री दीडला, मिरजेत, या काचेच्या पेटीपाशी
मी आधी हात गरम करून घेते,
मग मोसंबीएवढ्या डोक्यावर आठ इलेक्ट्रोड.
पेस्ट अगदी थोडी. कातडी द्राक्षाच्या सालीची.

पडद्यावर रेघ थरथरते.
मग काहीच नाही.
बारा सेकंद. पंधरा. अठरा.
दाराशी कुंडलिक झांबरे, अनवाणी,
हिरवा गाऊन उलटा घातलेला.
"बंद पडलं का हो बाई?"

नाही दादा. या वयात असंच.
जरा बोलतं, मग बराच वेळ गप्प.
पंधरा वर्षं मी हे सांगते आहे,
आणि तो अठरावा सेकंद दर वेळी मलाही लांबतो.

काय सांगू?
की पेशी खोल तळाशी जन्मल्या,
बारीक धाग्यांना धरून वर चढल्या,
थोरल्या वाटेत बसल्या
आणि धाकट्या त्यांना ओलांडून वरच्या थरात गेल्या;
की डोळ्यांकडून, हातांकडून निघालेले तंतू
वेशीपाशी आठवडेच्या आठवडे ताटकळले,
तिथं त्यांना थारा देणाऱ्या पेशी
पुढे स्वतः फारशा उरणारच नाहीत?
मी एवढंच म्हणते : आत जोडणी चालू आहे.

ते पडद्याकडे बघतात.
"म्हंजी ऑक्टोबर छाटणीआदी काडी तपासतो तसं.
वरनं नुसता डोळा, मिटल्याला.
घड आत कवाच ठरल्याला असतो.
तासगावचा लॅबवाला भिंगातनं सांगतो."

हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाळाचा डावा हात झटकतो, उगाच,
आणि त्यामागून
उजवीकडे एक संथ लाट उठते,
पाठीवर बारीक शहारा घेऊन.
हात आधी. लाट नंतर.
आपण समजतो, डोकं हाताला सांगतं.
इथं हात डोक्याला सांगतोय :
मी आहे. या बाजूला.

मी खूण करते. एक बावन्न, हालचाल, डावा हात.

"लई फुटवे झाल्यावर पुढं काढतात का?"
काढतात. गरजेपेक्षा जास्तच फुटतात,
न वापरलेले गळतात.
"विरळणी," ते पहिल्यांदा हसतात,
"त्याला माझा हात धजत न्हाई. वैजयंता करती."

वैजयंता तिसऱ्या मजल्यावर. टाके ओले.

रेघ पुन्हा सपाट.
नऊ. दहा. अकरा.
आता आम्ही दोघंही मोजतो.